अर्जुनाची साल, मोहाचे फूल आणि हृदयाचा काढा

गोविंददास सेन यांच्या ‘भैषज्यरत्नावली’त हृदयरोगावर पार्थाद्यरिष्ट नावाचे औषध सांगितले आहे. दुकानात ते अर्जुनारिष्ट म्हणून मिळते. सामग्री पाचच जिनसांची: अर्जुनाची साल, मनुका, मोहाची फुले, धायटीची फुले आणि गूळ. साल आणि गूळ सारख्या वजनाचे, मनुका त्यांच्या निम्म्या, मोह आणि धायटी प्रत्येकी सालीच्या एक पंचमांश. साल, मनुका आणि मोहफुले उकळून पाणी चौथाईवर आणायचे, गाळून त्यात गूळ विरघळवायचा, धायटीची फुले टाकायची आणि भांड्याचे तोंड लिंपून महिनाभर त्याला हात लावायचा नाही.

ही यादी घेऊन कोणी गडचिरोलीच्या किंवा चंद्रपूरच्या जंगलात शिरला, तर पाचांतल्या तीन जिनसा त्याला पायी फिरून मिळतील. अर्जुन पाण्याची कड सोडत नाही. वैनगंगा, कठाणी, खोब्रागडी, प्राणहिता, इंद्रावती, कुठल्याही नदीनाल्याच्या काठी त्याचा गुळगुळीत, राखट-पांढरा बुंधा दुरूनही ओळखू येतो. धायटीची झुडपे याच्या उलट उघड्या, खडकाळ उतारावर वाढतात आणि उन्हाळा तोंडावर आला की लाल फुलांनी भरून जातात. मोहाची ओळख तर इथे कोणाला करून द्यावी लागत नाही. होळीच्या सुमारास फुले गळू लागली, की उजाडायच्या आत अख्खी घरे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. मनुका आणि गूळ तेवढे बाहेरून आणायचे.

म्हणजे हृदयाचे हे औषध याच मातीतले. तरीही ते या मातीत घरी करणे सोपे नाही, आणि त्याचे कारण त्याच भांड्यात आहे. लिंपलेल्या तोंडाआड महिनाभर जे घडते, त्याला आंबणे म्हणतात. गूळ आणि मोह यांतली साखर खाऊन किण्व मद्यार्क तयार करतात. धायटीच्या फुलांवर हे किण्व आधीपासून असतात, म्हणूनच बहुतेक सगळ्या आसव-अरिष्टांत धायटी पडते. तयार अरिष्टात साधारण पाच ते दहा टक्के मद्यार्क असतो. तो वरून घातलेला नसतो. औषधाचे गुण पाण्यात उतरावेत आणि औषध टिकावे यासाठी तो आतल्या आत निर्माण होऊ दिलेला असतो.

आणि गडचिरोली हा १९९३ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे.

ही बंदी वरून लादलेली नव्हती. गावोगावच्या बायकांनी आणि संघटनांनी काही वर्षे लढून ती मिळवली. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. त्याच २०२१ साली राज्य सरकारने मोहफुले गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि वाहतुकीवरची जुनी बंधने दूर केली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मोहफुलाला दारूचा कच्चा माल मानून बांधून टाकले होते. घरात ठेवलेली वाळकी फुले हीसुद्धा संशयाची वस्तू ठरत असे. ज्या फुलांचे लाडू होतात, जी भाजून तिळाबरोबर कांडली जातात, जी टंचाईच्या महिन्यांत पोटाला आधार देतात आणि जी हृदयाच्या अरिष्टात पडतात, त्या फुलांकडे कायद्याने सत्तर वर्षे फक्त भट्टीच्या नजरेने पाहिले. वास्तविक एकच फूल दारूही होते आणि औषधही. किती मात्रेत, कोणासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली, एवढाच फरक.

अरिष्टाच्या एका वेळच्या मात्रेत मद्यार्क किती जातो, हे साध्या हिशेबाने काढता येते. वैद्य साधारण २० मिलिलिटर अरिष्ट तेवढ्याच पाण्यातून जेवणानंतर देतात. दहा टक्के धरले तरी पोटात दोनच मिलिलिटर मद्यार्क जातो. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. पण ज्याने कष्टाने दारू सोडली आहे, ज्याचे यकृत बिघडले आहे, किंवा जी बाई गरोदर आहे, त्यांच्यासाठी तेवढाही नको. मधुमेह्यासाठी गुळाचा प्रश्न वेगळाच. मद्यार्काच्या मोहापायी आसवांचा गैरवापर होतो, हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून औषध नियमांत काही जोरकस आसवांच्या बाटल्यांचा आकारच ठरवून दिला आहे. मृतसंजीवनी सुरेची बाटली ३० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही.

घरच्या माठात लावलेल्या अरिष्टाची खरी अडचण मात्र कायद्याच्याही आधीची आहे. आंबवणे नेमके कुठे थांबले, मद्यार्क किती झाला, आत बुरशी धरली का, हे चवीवरून कळत नाही. परवाना असलेल्या कारखान्यात ते मोजतात. त्यामुळे अर्जुनारिष्ट हवेच असेल तर वैद्याच्या चिठ्ठीने आणावे. घरी करायला त्याहून साधी आणि जुनी कृती आहे.

ती म्हणजे क्षीरपाक. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने हृदयरोगासाठी अर्जुन दुधात आणि तुपात शिजवून द्यायला सांगितले. प्रमाण ठरलेले आहे: औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, आणि पाणी उडून फक्त दूध उरेपर्यंत मंद आच. घरच्या मापात सांगायचे तर सालीचे पाच ग्रॅम भरड चूर्ण, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, ४० मिलिलिटर दूध आणि १६० मिलिलिटर पाणी. जाड बुडाच्या भांड्यात, ढवळत राहून, अर्धा तास तरी. चूर्ण वस्त्रगाळ नको. भरड असेल तर गाळायला सोपे जाते आणि दूध खाली लागत नाही. गाळून कोमट प्यायचे. गोड हवे असेल तर थोडी खडीसाखर. अर्जुनाची साल टॅनिनांमुळे कमालीची तुरट असते. दुधातली प्रथिने ती टॅनिने धरून ठेवतात आणि जिभेला बसणारी ओढ कमी होते. आजच्या घाईत कोणी अर्धा कप दूध आणि अर्धा कप पाणी घेऊन उकळतात. तेही चालते, पण साल पुरेशी शिजत नाही.

आता एक गंमत. ज्या भामरागड-एटापल्लीच्या जंगलात अर्जुन सगळ्यांत जुना आणि भरघोस, तिथल्या माडिया गोंडांमध्ये गाईचे दूध काढण्याची रीतच नव्हती. दूध वासराचे, अशी त्यांची समजूत. म्हणजे ग्रंथातला क्षीरपाक हा गोठ्याच्या आणि गंगेच्या मुलखातला. जंगलाच्या आतल्या भागात साल लागली तर ती पाण्यातच उकळली जाणार. शार्ङ्गधराने काढ्याचेही माप दिले आहे: एक भाग औषध, सोळा भाग पाणी, आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. दूध न पचणाऱ्यांना हाच मार्ग. चव मात्र सोसावी लागेल.

झाडांविषयी इथल्या माणसांना, विशेषतः बायकांना, किती माहिती असते हे डॉ. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात वाचायला मिळते. गडचिरोलीतल्या बायकांनी सांगितलेल्या झाडांच्या, त्यांच्या उपयोगांच्या आणि त्यांच्याशी जडलेल्या नात्यांच्या त्या नोंदी आहेत. ग्रंथातला अर्जुन आणि बायकांच्या बोलण्यातले झाड यांत अंतर पडते, ते असे. ग्रंथ एका झाडाचा एक रोग सांगतो. जंगलात राहणाऱ्या बाईला त्याच झाडाची सावली, लाकूड, पाला, त्यावरचे किडे आणि त्याच्याखाली कोण बसते, हे सगळे एकदम दिसते.

शिवाय ग्रंथांचे आपसातही एकमत नाही. चरकाने औषधांचे पन्नास गट केले, प्रत्येकात दहा द्रव्ये. त्यांतल्या ‘हृद्य’ गटात, म्हणजे हृदयाला मानवणाऱ्या द्रव्यांत, अर्जुन नाहीच. तिथे आंबा, अंबाडा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग अशी दहाच्या दहा आंबट फळे आहेत. अर्जुन सापडतो तो अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधींवरच्या गटात, टेंभुर्णी, चारोळी, खैर यांच्या पंगतीत. ही यादी वाचून गडचिरोलीचा माणूस हसेल. तेंदूपान, चारोळी, खैर, अर्जुन: हा तर त्याचा रोजचा रस्ता. हृदयासाठी अर्जुन ठामपणे पुढे आला तो नंतरच्या ग्रंथांत. आणि चरकाला आंबट फळे हृद्य का वाटली? कारण त्याच्या लेखी हृदय म्हणजे रक्त ढकलणारा स्नायू एवढेच नव्हते. मन, चेतना आणि ओज यांचे ठिकाणही तेच. तोंडाला पाणी सुटणे, जीव हुशारणे, हेही हृदयाचेच काम त्यात धरलेले आहे.

प्रयोगशाळेने अर्जुनाची दखल घेऊन शंभर वर्षे होत आली. १९२९ साली रामनाथ चोप्रा आणि घोष यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये त्याच्या रसायनाचा आणि परिणामांचा अभ्यास छापला. माणसांवरच्या नीट चाचण्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाल्या. इंदूरच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये हृदय अगदी थकलेल्या १२ रुग्णांना सालीचा अर्क दर आठ तासांनी ५०० मिलिग्रॅम दिला आणि रुग्णांना दम कमी लागू लागल्याचे नोंदले. त्याच गटाने २००२ मध्ये चालताना छातीत दुखणाऱ्या ५८ पुरुषांवर तोच अर्क एक आठवडा वापरून पाहिला. रुग्ण ट्रेडमिलवर जास्त वेळ चालू शकले. बातमी पसरायला एवढे पुरे होते.

मग २०१६ मध्ये दिल्लीच्या एम्सची चाचणी आली. हृदयाची ताकद कमी झालेले १०० रुग्ण, निम्म्यांना अर्जुनाचा पाण्यातला अर्क ७५० मिलिग्रॅम दोन वेळा, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, बारा आठवडे, दोघांचीही नेहमीची औषधे चालूच. हृदयाच्या एका ठोक्याबरोबर कप्प्यातल्या रक्ताचा किती हिस्सा बाहेर फेकला जातो, हे मुख्य माप होते. त्यात अर्जुनाने फरक पडला नाही. रुग्णांच्या हिंडण्याफिरण्याच्या क्षमतेत काही सुधारणा दिसली. म्हणजे अर्जुन थोतांड नाही आणि चमत्कारही नाही. ज्याच्या नेहमीच्या गोळ्या चालू आहेत त्याने त्यांच्या जोडीला, डॉक्टरांना सांगून, पाहण्यासारखी ती गोष्ट आहे. डॉक्टरांना सांगून हे शब्द औपचारिक नाहीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर सालीचा परिणाम मिसळू शकतो.

चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, जन्मच एका औषधी पाण्यातून झाला, अशी दंतकथा आहे. अंगावर गाठी उठलेल्या खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाने झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खड्ड्यातल्या पाण्याने तोंड धुतले, गाठी नाहीशा झाल्या, आणि राणीच्या सल्ल्याने त्या जागेभोवती शहर वसले. अचलेश्वराचे देऊळ त्याच जागी आहे. एका ओंजळीत बरे होण्याची ही ओढ फार जुनी. तिची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने फॉक्सग्लव्ह या वनस्पतीवर पुस्तक लिहिले. श्रॉपशायरमधली एक म्हातारी अंगाला सूज आलेल्या रोग्यांना वीसेक वनस्पतींचा घरगुती काढा द्यायची आणि काही जण खरोखर बरे व्हायचे. विदरिंगने वीसांतून काम करणारी एक वनस्पती हुडकली. तिच्यातूनच पुढे डिजिटॅलिस हे हृदयाचे औषध आले. पण त्याचे पुस्तक मात्रेच्या भीतीने भरलेले आहे: जरा जास्त झाले की उलट्या, दृष्टीत पिवळेपणा, आणि ठोके बिघडून मृत्यू.

चंद्रपूर-गडचिरोलीत फॉक्सग्लव्ह नाही. त्याचे चुलते मात्र आहेत. अंगणातली कन्हेर, पिवळी कन्हेर, आणि पावसाच्या तोंडावर माळावर उगवणारा रानकांदा यांत हृदयावर तशीच झडप घालणारी द्रव्ये असतात. ‘हृदयावर परिणाम करते’ एवढ्या ऐकीव माहितीवर यांतले काहीही उकळणे म्हणजे जिवाशी खेळ. ओळखलेले झाड, ओळखीची साल, एका वेळी एकच वनस्पती: घरगुती काढ्याला एवढे तीन नियम पुरतात. दहा पुड्या मिसळलेल्या काढ्याने बरे वाटले तरी कशाने ते कळत नाही, आणि बिघडले तरीही कळत नाही.

गडचिरोलीच्या खेड्यांत हृदयापेक्षाही मोठा मारेकरी कोण, हे शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेने मोजून दाखवले. ८६ गावांतल्या मृत्यूंचा दोन वर्षे मागोवा घेऊन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूचा झटका, म्हणजे लकवा, हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले: १४.३ टक्के. बहुतेक माणसे घरीच दगावली. लकव्याच्या मुळाशी बहुधा वाढलेला, कधी न मोजलेला रक्तदाब असतो. हृदयाचा विचार करताना तोच आधी पाहावा लागेल.

इथे एक आंबट, लाल आणि अत्यंत स्वस्त पेय कामाला येते. अंबाडी विदर्भात भाजीसाठी आणि दोरासाठी सगळ्यांच्या ओळखीची. दोराची अंबाडी वेगळी, लाल बोंडांची वेगळी, सरबत दुसरीचे. सिरोंचाच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत तिच्या पानांना गोंगुरा म्हणतात आणि लोणच्याशिवाय जेवण होत नाही. हिवाळ्यात बोंडे धरली की त्यांची मांसल लाल आवरणे सोलून वाळवतात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने २०१० मध्ये याच आवरणांच्या चहावर प्रयोग केला. ज्यांचा रक्तदाब थोडा वाढलेला होता पण गोळ्या चालू नव्हत्या, अशा ६५ जणांपैकी काहींना दिवसाला तीन कप, सहा आठवडे. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला. गोळीची बरोबरी म्हणता येणार नाही, पण शेताच्या धुऱ्यावर फुकट उगवणाऱ्या बोंडासाठी हे थोडे नाही.

कृती सांगायलाही लाज वाटावी इतकी सोपी. प्रयोगात एका कपाला सव्वा ग्रॅम वाळकी आवरणे होती, म्हणजे चिमूटभरापेक्षा थोडी जास्त. उकळते पाणी ओतून सहा-सात मिनिटे झाकून ठेवायचे आणि गाळायचे. पाणी गर्द लाल होते. थंड करून किंचित गूळ, किसलेले आले, हवा तर जिऱ्याचा कण. मीठ नको, रक्तदाबासाठी सरबत करायचे आणि त्यात काळे मीठ ढकलायचे, यात काही अर्थ नाही. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा हे कितीतरी बरे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अंक उतरत जातात का यावर लक्ष ठेवावे, आणि मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय रोज घेऊ नये. चरकाच्या आंबट यादीत अंबाडी नाही. पण ती तिथे शोभली असती.

मनासाठी जंगलात काय आहे, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. माळरानावर जमिनीलगत निळ्या फुलांची शंखपुष्पी, झाडांवर चढणारी मालकांगोणी, ओलसर जागी ब्राह्मी. ब्राह्मीवर माणसांवरच्या काही चाचण्या झाल्या आहेत, त्या बहुतेक स्मरणशक्तीवरच्या. तिचा परिणाम आठवड्यांच्या मापाने, सावकाश दिसतो. मालकांगोणीच्या तेलाची ख्याती मोठी आणि पुरावा उंदरांचा. झोप उडालेल्या, सतत धडधड होणाऱ्या, कशातच रस न उरलेल्या माणसाला यांतली कुठलीही वनस्पती पुरेशी नाही. त्याला डॉक्टर लागतो. मनाचा धक्का हृदयाच्या स्नायूपर्यंत खरोखर पोचतो, हे आता वैद्यकशास्त्रही मानते. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास वर्णन केलेल्या ताकोत्सुबो या विकारात एखाद्या मोठ्या दुःखानंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो आणि रोग्याला हृदयविकाराचा झटका आल्यासारखेच वाटते.

गडचिरोली जिल्ह्यात हृदय आणि मन यांचा संबंध ज्याच्या अंगावर आला आणि ज्याने तो सगळ्या महाराष्ट्राला सांगितला, तो माणूस डॉक्टरच होता. डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत, हृदयविकाराचा झटका आला. दारूबंदी चळवळीचे पुढारी, शोधग्रामात राहणारे, ना सिगारेट ना दारू. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या त्यांच्या पुस्तकात त्या झटक्याचा आणि त्यानंतर स्वतःवर केलेल्या प्रयोगांचा हिशेब आहे. मराठी घराघरांत ते पोचले. त्यात कुठलाही काढा नायक नाही. चालणे, तेलातुपाचा आवर, प्राणायाम, ध्यान, आणि आपण सतत कशाच्या घाईत आहोत याचा प्रामाणिक तपास, अशी त्याची मांडणी. याच सुमारास जगभर गाजत होता तो अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांचा प्रयोग, १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला: अत्यल्प चरबीचा शाकाहार, चालणे, ध्यान आणि रोग्यांनी एकत्र बसून मन मोकळे करणे, यांनी वर्षभरात हृदयाच्या नळ्यांमधले अडथळे काही प्रमाणात मागे हटलेले दिसले.

काढा करणाऱ्याने बंग यांच्या पुस्तकातून एक गोष्ट उचलावी. अर्धा तास मंद आचेवर दूध ढवळत उभे राहण्याने घाई थोडी उतरते. त्या अर्ध्या तासात खिशातला फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर आणखी. यात गूढ काही नाही.

आणि खर्रा. विदर्भात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात चोळून मिळतो तो. गडचिरोलीत दारूइतकाच, कदाचित जास्तच, तो घराघरांत शिरलेला आहे. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. २०१६ पासून चालू असलेल्या ‘मुक्तिपथ’ या मोहिमेचे लक्ष्य दारू आणि तंबाखू दोन्ही आहे, ते उगाच नाही. तंबाखूतले निकोटीन ठोके वाढवते आणि रक्तवाहिन्या आवळते. सकाळी अर्जुनाचे दूध आणि दिवसभर गालात खर्रा, असा संसार करणाऱ्यांनी सालीला दोष देऊ नये.

छातीत दाब येऊन घाम फुटला, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात उचलेना, तर तेव्हा काढा, क्षीरपाक, सरबत यांपैकी काहीही चुलीवर ठेवू नये. १०८ ला फोन करावा. गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर आहे आणि भामरागडच्या माणसाला आधी गडचिरोलीच गाठायला कित्येक तास लागतात. तिथे वाया गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

साल आणायची कुठून, हा शेवटचा आणि किंचित अवघड प्रश्न. बाजारातल्या चूर्णात ऐनाची किंवा त्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडांची साल मिसळलेली असते, आणि पूड झाली की डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून शक्य तो तुकडे घ्यावेत, चूर्ण घरी करावे. जंगलातून आणायची, तर झाड कोणाचे हे आधी विचारावे. आरमोरीच्या बाजूला ढिवर समाजातली माणसे ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर टसरच्या रेशमाचे किडे वाढवतात, पाखरांपासून आणि मुंग्यांपासून दिवसदिवस त्यांची राखण करतात. त्यांच्या लेखी अर्जुन म्हणजे कोसा. साल सोललेले, पाने सुकलेले झाड त्यांचा हंगाम घालवते. बुंध्याभोवती कडे काढावे तशी पूर्ण गोलाई सोलली की झाड मरते. एकाच बाजूची, बुंध्याच्या चौथाईइतकीच, आतल्या ओल्या थराला धक्का न लावता काढली, तर दोनेक वर्षांत ती पुन्हा भरून येते आणि पुढच्या वेळी समोरची बाजू घेता येते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजावरचा हक्क ग्रामसभांकडे आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूच्या विक्रीचे निर्णय गावानेच घेतले. तेंदू आणि बांबू यांच्यावर ग्रामसभांच्या बैठकांत तासन् तास बोलणे होते. अर्जुनाच्या सालीला त्याच कागदावर एखादी ओळ हवी: कुठल्या नाल्याकाठची झाडे कोसा वाढवणाऱ्यांची, कुठली सालीसाठी, आणि कोणत्या वर्षी कोणती बाजू काढायची.